मुक्याची ढाल

माझ्या मुलीने मला राक्षस व्हायला सांगितलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात पाटावर बसून कडवे वाल सोलत होतो. वाल सोलणारा माणूस फारसा भयानक दिसत नाही, त्यामुळे तिने माझ्यात नेमकं काय पाहिलं हे मला आजवर कळलेलं नाही.

"बाबा, आम्हाला चौथा माणूस हवाय," सावनी म्हणाली. "वरद गेला पुण्याला. स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय आणि चौघं नसतील तर संघाचं नावच घेत नाहीत."

२००५ सालचा जुलै होता. सावनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती, तिची मैत्रीण ओवी आणि वर्गातला वेद असे तिघं रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका सायबर कॅफेत 'बीस्टफोर्ट' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळत. चार राक्षस इकडे, चार तिकडे, मध्ये पडका किल्ला. समोरचा लढणारा एकही उभा उरला नाही की तुम्ही जिंकलात. एवढं मला ऐकून माहीत होतं, कारण आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसे.

"कॉलेजात एवढी पोरं आहेत, त्यांच्यातला घे की एखादा."

"सगळ्यांना हल्लाच करायचा असतो. आम्हाला सपोर्ट पाहिजे. मागे उभं राहून बाकीच्या तिघांवर ढाल धरायची. त्यात मारामारी नाही, नाव नाही, काही नाही. ते कोणालाच नको असतं." तिने टोपातला एक वाल उचलला. "तुम्ही आयुष्यभर तेच करताय."

"खोटं काय आहे त्यात?" गॅसपाशी उभी असलेली माझी बायको उमा पाठमोरीच म्हणाली.

मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. वय तेव्हा बावन्न. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद गहाळ झालेला नाही, ही गोष्ट जगाच्या लक्षात आलेली नाही हे मान्य. पण ती घरात अशी बोलून दाखवायची का? मी हातातला वाल टोपात टाकला आणि म्हणालो, "येतो मी. पण राक्षस कोणता घ्यायचा ते माझं मी ठरवणार."

मनात मी ड्रॅगन घेतला होता.

कॅफे एका गाद्यांच्या दुकानावर होता. जिना अरुंद, वर खिडक्यांना काळे पडदे, भर दुपारीही आत निळसर काळोख. मालक समर्थ तिशीचा, सभ्य मुलगा. त्याने मला चार नंबरच्या खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि राक्षसांची यादी उघडून दिली. एकेकावर माऊस नेला की तो डरकाळी फोडायचा. ड्रॅगन तीन होते. पहिल्याने अशी आग ओकली की मी खुर्ची मागे सरकवली आणि ती ओवीच्या पायावर गेली.

"काका, खाली जा. सपोर्टवाले शेवटी आहेत," ओवी पाय चोळत म्हणाली.

शेवटून दुसरा एक परीसारखा होता, तो बावन्नाव्या वर्षी मला शोभला नसता. सगळ्यात शेवटी राखाडी रंगाचं काहीतरी बसलेलं होतं. जांभ्या दगडाचा मोठा चिरा असावा तसं, अंगभर भोकं भोकं, आणि आमच्याकडे पाठ. मी त्यावर माऊस नेला. डरकाळी आली नाही. उलट हेडफोनमधला आधीचा सगळा आवाज गेला. डोक्यावरच्या पंख्याची घरघर गेली, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा गेल्या. माझा स्वतःचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता, आणि काही वेळाने लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला आहे.

मी घाईने हेडफोन काढले.

"हा कोण?"

समर्थ वाकून पाहू लागला. "याला मुका म्हणतात. तोंड नाही त्याला. फक्त ढाल पसरतो. कोणी घेत नाही याला." मग त्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू का काका, हा आमच्या सीडीत आधी होता का, तेच मला आठवत नाहीये."

मला त्या पाठमोऱ्या बसण्याचं काय वाटलं कोण जाणे. कचेरीत दुपारी चार वाजता मी असाच बसलेला असतो. मी मुका घेतला.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की मी परस्पर कॅफेत जाऊ लागलो. काम सोपं होतं. सावनीचा राक्षस म्हणजे एक लाल वाघीण होती. तिच्यावर कोणी धावून आलं की डाव्या बाजूच्या यादीत तिच्या नावावर टिचकी मारायची. मग मुका उठून तिच्यापुढे जायचा आणि त्याच्या अंगातल्या भोकांमधून धुकं निघून त्याची ढाल व्हायची. पहिले दोन दिवस मी इतक्या उशिरा टिचकी मारत होतो की वाघीण आधी मरायची आणि मग तिच्या प्रेतावर ढाल पसरायची. वेद एकदा "पाऊस गेल्यावर छत्री" असं काहीतरी पुटपुटला, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी मला जमायला लागलं. म्हणजे मला तसं वाटलं. पाचव्या दिवशी मी बारकाईने पाहिलं. मी टिचकी मारायच्या आधी मुका उठत होता. क्षणभरच आधी, पण आधी. मी मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसलो. समोरून एक काटेरी प्राणी वाघिणीवर आला. मुका उठला, गेला, ढाल पसरली.

"मस्त, बाबा!" सावनी ओरडली.

मला शाबासकी मिळायला सव्वीस वर्षं लागली होती आणि ती मिळाली तेव्हा माझे हात मांडीवर होते. प्रामाणिक माणसाने काय करावं हे मला कळतं, पण मुलगी इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून हसली होती.

त्याच आठवड्यात एकदा वीज गेली. भारनियमन रोजचंच होतं. यूपीएस कुईकुई करू लागले, समर्थने खेळ थांबवला आणि सगळे जिन्यात हवा खायला गेले. मी बसून राहिलो. पडद्यावर सगळं गोठलेलं होतं. वाघिणीचा पंजा हवेत, वेदच्या गिधाडाचे पंख अर्धे उघडलेले. फक्त मुक्याची पाठ हळूहळू वरखाली होत होती. झोपलेल्या माणसाची व्हावी तशी. मी जिन्यात गेलो आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "आत फार उकडतंय."

घरी ही गोष्ट बोलण्यात अर्थ नव्हता. उमाने मला चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं असतं. म्हणून मी शेजारच्या तुळसाकाकूंकडे गेलो. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मला पाळण्यात पाहिलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"राखण दिलीस काय रे?"

"अहो काकू, तो कॉम्प्युटरमधला आहे."

"मग? आमच्या बागेतला राखणदार आंब्याच्या झाडाखालचा आहे, दुसऱ्या कोणाचा विहिरीवरचा. बसायला जागा कुठेही मिळते त्यांना. सांभाळतोय ना तो तुमची पोर? मग नारळ ठेव आणि गप बस. फुकटात राबवून घेऊ नकोस हो कोणाला."

कामाचा मोबदला दिला पाहिजे, हा मुद्दा सरकारी नोकर म्हणून मला पटला. दुसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन कॅफेत गेलो. समर्थ म्हणाला, "काका, कीबोर्डजवळ पाणी चालत नाही." मी म्हणालो, फोडायचा नाही, नुसता ठेवायचा. हलवून पाहिला, पाणी चांगलं खुळखुळत होतं. तो मी चार नंबरच्या मॉनिटरवर ठेवला. तिथे तो टिकेना, म्हणून मागच्या कोनाड्यात ठेवला. दोन दिवसांनी समर्थने खालच्या दुकानदाराकडून तो फोडून आणला, खोबरं सगळ्यांना वाटावं म्हणून. आत पाण्याचा थेंब नव्हता. करवंटीला कुठे चीर नव्हती. खोबरं मात्र गोड निघालं आणि वेदने त्यातलं निम्मं खाल्लं.

आता रजेचं. स्पर्धा चिपळुणातल्या एका मंगल कार्यालयात होती आणि रविवारी तिथे कोणाची तरी साठीशांत असल्यामुळे ती सोमवारी ठेवली होती. मी खोटं कारण लिहिणाऱ्यातला नाही. अर्जात लिहिलं: 'राक्षसांच्या लढतीत संरक्षक या नात्याने सहभागी व्हावयाचे असल्याने एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी.' अर्ज शेरा मारून परत आला. 'राक्षस कोणत्या खात्याचे? संरक्षण कोणापासून? सेवेत असताना अन्य संरक्षणकार्य स्वीकारण्यास पूर्वपरवानगी घेतली आहे काय? खुलासा करावा.' मी खुलासा केला की राक्षस खाजगी आहेत. त्यावर पुन्हा विचारणा आली. तिसऱ्या फेरीला साहेबांनी स्वतः बोलावून, दार लोटून घेऊन, "घरी सगळं बरं आहे ना, हरिभाऊ?" असं हळू आवाजात विचारलं आणि सही केली. त्या दिवसापासून शिपाई माझ्यापुढे चहा जरा लांबून ठेवतो.

एवढ्यावर भागलं नाही. स्पर्धेच्या अर्जात प्रत्येक खेळाडूने पालकाचं संमतीपत्र जोडावं असं कलम होतं. मी चिपळूणला फोन लावला. संयोजक म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, काका." माझे आईवडील जाऊन वर्षं झाली होती. शेवटी तुळसाकाकूंनी थरथरत्या अक्षरात लिहून दिलं, 'मुलगा गरीब आहे, सांभाळून घ्यावे,' आणि ते मी साक्षांकित प्रतीसह जोडलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. हातखंब्यापासून पावसाने जो जोर धरला तो सोडला नाही. चिपळुणात वाशिष्ठी तपकिरी होऊन पुलाखालून फुगून जात होती. कार्यालय पेठेत, सखल भागात होतं. तळमजल्याच्या हॉलमध्ये आठ कॉम्प्युटर मांडलेले, जमिनीवर वायरींचं जाळं. चार संघांपैकी दोन घाटापलीकडे अडकून पडले होते, त्यामुळे आम्ही एकही सामना न खेळता थेट अंतिम फेरीत दाखल झालो. समोर चिपळूणचाच संघ होता.

"बाबा, फक्त माझ्यावर लक्ष ठेवा," सावनी हेडफोन लावता लावता म्हणाली. ती ओठ चावत होती. ती लहानपणी गॅदरिंगला स्टेजवर जायच्या आधी असाच ओठ चावायची, ते मला आठवलं.

अकराला सामना सुरू झाला. पहिली दहा मिनिटं आमची होती. मग समोरचे चौघं एकदम वाघिणीवर आले. मी सावनीच्या नावावर टिचकी मारली. मुका उठला, आणि वळून उलट्या दिशेने चालू लागला.

मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा मारली. मुका तटाच्या दगडी पायऱ्या चढत होता. एकेक पायरी, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा. खाली वाघीण एकटी पडली होती. किल्ल्याच्या सगळ्यात उंच, रिकाम्या बुरुजावर जाऊन तो बसला आणि त्याने कोणीही नसलेल्या फरशीवर ढाल पसरली. ढाल एवढी मोठी मी कधी पाहिली नव्हती. हेडफोनमध्ये ती पहिल्या दिवसाची शांतता आली. सगळा हॉल ओरडत असणार, मला तोंडं उघडलेली दिसत होती. आवाज एकच येत होता, खूप खालून, पाणी भरत जावं तसा.

वाघीण मेली. मग ओवी, मग वेद. आम्ही हरलो.

सावनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "एवढंसुद्धा जमलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी काय सांगणार? राक्षसाने ऐकलं नाही? मी उठलो, समोर जिना दिसला तो चढलो, आणखी एक चढलो आणि गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली एका उलट्या घातलेल्या घंगाळावर जाऊन बसलो. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. बावन्न वर्षांच्या माणसाने रडू नये अशी कुठे नियमात तरतूद नाही, म्हणून मी थोडा रडलो.

पाच मिनिटांनी वेद आला. "काका, चला. साडेबाराची गाडी गाठायचीय. स्टँडपर्यंत चालत जायला हवं."

"तुम्ही व्हा पुढे. मी येत नाही."

मग ओवी आली. मग संयोजक आले, कारण दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ, चौघांच्या सह्यांशिवाय देता येत नव्हतं. "मी खाली येणार नाही," मी म्हणालो. माझ्या आवाजात असं काहीतरी असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. "मग इथेच उरकू," ते म्हणाले. जिंकलेला संघ वर आला, कारण फोटो एकत्र काढायचा होता. फोटो म्हटल्यावर प्रेक्षक आले. कार्यालयाचे व्यवस्थापक सदूभाऊ टेबल घेऊन आले, त्यांची सून सावित्री किटलीभर चहा घेऊन आली आणि मागोमाग आचारी कप घेऊन आला. सगळ्यात शेवटी सावनी आली आणि माझ्याकडे न बघता कठड्याशी उभी राहिली.

"बाबा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "खाली बघा."

स्टँडकडे जाणारा रस्ता नव्हता. त्या जागी तपकिरी पाणी होतं आणि ते आवाज न करता चढत होतं. एक स्कूटर आडवी होऊन गेली, मग एका दुकानाची पाटी. कार्यालयाच्या दारातून पाणी आत शिरलं. हॉलमधून निळा लोळ उठला आणि तडतड झाली. मग सगळ्या पेठेची वीज गेली. त्या वायरींमध्ये दहा मिनिटांपूर्वी सगळे अनवाणी बसले होते.

संयोजकांच्या हातात माझी सही घ्यायचा कागद होता, तो भिजत होता. सावनी चालत आली आणि माझ्या हाताला घट्ट धरून उभी राहिली. पाणी तळमजला गिळून पहिल्या मजल्याच्या तीन पायऱ्या खाली थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी होडीने आम्हाला बाहेर काढलं. नावं टिपून घेणाऱ्या माणसाने गच्चीवरच्या सगळ्यांची मोजदाद केली. सत्तावीस.

रत्नागिरीला आल्यावर आठ दिवस कोणी खेळाचं नाव काढलं नाही. मग समर्थचा फोन आला. संयोजकांनी सामना सुरू असतानाच त्याची नोंद इंटरनेटवरून त्याला पाठवली होती. तो खेळ जसाच्या तसा पुन्हा बघता येत होता. आम्ही चौघं संध्याकाळी कॅफेत गेलो.

पडद्याच्या एका बाजूला कोणी कोणती आज्ञा दिली त्याची यादी उमटत होती. माझ्या नावापुढे ओळींमागून ओळी आल्या. ढाल, सावनी. ढाल, सावनी. ढाल, सावनी. ती बोट लावून मोजत होती.

"चौदा वेळा," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"पंधरा असणार. एकदा माऊस खाली पडला होता."

मुका बुरुजावर जाऊन बसला. ढाल पसरली. तेव्हा वेद पुढे झुकला. "ढालीच्या कडेला आकडा बघा. ढालीखाली किती जीव आहेत ते दाखवतो तो. आपल्या खेळात तीनच्या वर जाऊच शकत नाही."

आकडा अठ्ठावीस होता.

ओवीने हळूच विचारलं, "आपण किती होतो?" सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही कागद घेऊन पुन्हा मोजलं. दोन संघ, संयोजक, प्रेक्षक, सदूभाऊ, त्यांची सून, आचारी. सत्तावीस. एकेकाचा चेहरा आठवून मोजलं तरी सत्तावीसच. समर्थने मशीन बंद केलं.

ऑगस्ट अर्धा उलटल्यावर एका रविवारी सकाळी घरचा फोन वाजला. सदूभाऊ होते. घड्याळ गाळातून सापडलं होतं, चालत नव्हतं, पण वस्तू आमची म्हणून पाठवू का, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या. कार्यालय धुऊन झालं, म्हणाले. नवीन वायरिंग चाललंय. आणि मग आवाज जरा खाली आणून, पण लपवता न येणाऱ्या आनंदाने म्हणाले, "आणखी एक. आमच्या सावित्रीला दिवस गेलेत. डॉक्टरीण म्हणाली, जुलैपासूनच. पुराच्या दिवशी पोरीला स्वतःलासुद्धा पत्ता नव्हता हो, जिने चढून चहा आणत होती!"

मी अभिनंदन केलं असावं. मला आठवत नाही. फोन ठेवून वळलो तर सावनी दारात उभी होती. मी तिला सांगितलं. ती माझ्या शेजारी येऊन खाली बसली आणि आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

"काय झालं?" उमाने आतून विचारलं. "बसलायत काय असे? किती वाजले?"

"अठ्ठावीस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.